बाळाचं हृदय : घरच्यांनी काय पाहावं?

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात झालेल्या आरोग्य व्याख्यानमालेत आपल्याच एका सभासद बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी केलेले भाषण. शब्दांकन करताना बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



हृदयविकार म्हटलं की डोळ्यांसमोर पन्नाशी उलटलेले, पोट सुटलेले गृहस्थ येतात. त्यांच्यासाठी पुढच्या रविवारी दुसरे डॉक्टर येणार आहेत, त्यामुळे आज त्यांनी निवांत वडा खावा. माझा विषय लहान मुलांच्या हृदयाचा. तिथे तेल-तूप, टेन्शन, सिगारेट यांचा काही संबंध नसतो. बहुतेक मुलांना हा दोष जन्मतःच असतो. हजार बाळं जन्मली तर साधारण आठ-नऊ बाळांच्या हृदयाच्या रचनेत काही ना काही कमी-जास्त असतं. आपल्या देशात दरवर्षी अशी दोन लाखांहून जास्त बाळं जन्माला येतात. म्हणजे ही दुर्मीळ गोष्ट नाही.

पोटातल्या बाळाचं हृदय गर्भाच्या तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात घडतं. दिवस गेलेत हे नीट कळून घरात पेढे वाटले जाईपर्यंत ते काम जवळजवळ उरकलेलं असतं. हे मुद्दाम सांगते, कारण अशा बाळाच्या आईला हमखास ऐकावं लागतं : ग्रहणात भाजी चिरलीस, जिने चढलीस, पपई खाल्लीस. यातल्या कशानेही हृदयाला भोक पडत नाही. आईचा मधुमेह ताब्यात नसणं, सुरुवातीच्या महिन्यांत रुबेला होणं, काही विशिष्ट औषधं, जवळच्या नात्यातलं लग्न यांनी धोका वाढतो, हे खरं. पण बहुतेक वेळा एक असं कारण सापडतच नाही. तेव्हा सासूबाईंनो, सुनेची उलटतपासणी नको.

आता रचना समजून घेऊ. हृदय म्हणजे चार खोल्यांचा फ्लॅट. वर दोन खोल्या, खाली दोन, मध्ये उभी भिंत. उजवीकडे शरीरातून परत आलेलं रक्त येतं आणि फुप्फुसांकडे जातं. तिथे प्राणवायू घेऊन ते डावीकडे येतं आणि डावीकडचा पंप ते सगळ्या शरीराला पुरवतो. डावीकडचं प्रेशर जास्त. त्यामुळे खालच्या दोन खोल्यांमधल्या भिंतीत मोठं भोक असलं, की रक्त डावीकडून उजवीकडे गळतं आणि फुप्फुसांत नको तितकं रक्त जातं. गळतीचं दुखणं आपल्या सोसायटीला मी काय समजावणार!

पण गंमत अशी की जन्मल्याबरोबर ही गळती फारशी होत नाही. नवजात बाळाच्या फुप्फुसांतलं प्रेशरही चढंच असतं, ते पुढच्या काही आठवड्यांत उतरतं आणि मग गळती वाढते. म्हणून 'हॉस्पिटलमधून सोडताना तर सगळं नॉर्मल सांगितलं होतं' ही तक्रार पुष्कळदा खरी असते आणि तरी त्यात डॉक्टरची चूक असतेच असं नाही. दीड-दोन महिन्यांच्या लसीला याल तेव्हा बाळाची छाती पुन्हा ऐकून घ्या.

घरच्यांनी पाहायचं ते मुख्यतः दूध पिताना. दूध पिणं हा तान्ह्या बाळाचा व्यायाम. आपल्याला जिना चढून दम लागतो, तसा त्याला पिताना लागतो. चार घोट प्यायलं की थांबतं, धापा टाकतं, पुन्हा पितं, दमून झोपतं आणि अर्ध्या तासात भुकेने उठतं. पंखा चालू असूनही कपाळावर घामाचे थेंब. वजन वाढत नाही. वरचेवर न्यूमोनिया. घरात मात्र याला 'किरकिर करतं', 'दृष्ट लागली', 'आईला दूध पुरत नाही' अशी नावं मिळतात आणि वरचं दूध सुरू होतं. शंका आली तर बाळ शांत झोपलेलं असताना घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, त्यानंतर वर्षापर्यंत ५० किंवा जास्त भरले, तर लगेच डॉक्टरांकडे.

दुसरी खूण निळेपणाची. थंडीत हातपाय निळसर होतात, त्याला घाबरू नका. जीभ आणि ओठांची आतली बाजू पाहा. आपल्या सावळ्या मुलांत त्वचेवर निळेपणा चटकन कळत नाही, जीभ खरं बोलते. काही मुलं रडता रडता काळीनिळी पडतात, थोडी मोठी झाली की खेळता खेळता मध्येच उकिडवी बसतात. तान्हं बाळ असं निळं पडलं तर त्याचे गुडघे पोटाशी दुमडून छातीशी घ्या, शांत करा आणि थेट हॉस्पिटल गाठा.

तपासण्यांना भिऊ नका. एको म्हणजे सोनोग्राफीच, दुखत नाही, किरणोत्सर्ग नाही. गरोदरपणात १८ ते २२ आठवड्यांत होणाऱ्या सोनोग्राफीत बाळाच्या हृदयाच्या चारही खोल्या पाहिल्या का, हे जरूर विचारा. जन्मल्यावर साधारण २४ तासांनी बाळाचा उजवा हात आणि एक पाय यांना ऑक्सिमीटर लावून प्राणवायू मोजतात. दोन मिनिटांचं काम, पण गंभीर दोष असलेली काही बाळं घरी जाण्याआधीच सापडतात. कोविडमध्ये आपण सगळ्यांनी घेतलेलं बोटाचं यंत्र त्यासाठी चालत नाही, नवजात बाळाचं वेगळं असतं. आणि डॉक्टर 'मर्मर आहे' म्हणाले म्हणून रात्रभर जागू नका. कितीतरी निरोगी मुलांच्या हृदयात असा निरुपद्रवी आवाज येतो.

उपचारांचं म्हणाल, तर ८०-८५ वर्षांपूर्वी निळी बाळं फक्त पाहत बसावी लागत. हेलन टॉसिग नावाच्या अमेरिकन डॉक्टरबाईंना कमी ऐकू येत असे, त्या बाळाच्या छातीवर बोटं ठेवून हृदयाचे ठोके जाणून घ्यायच्या. फुप्फुसांकडे रक्त वळवण्याची कल्पना त्यांची, प्रयोगशाळेत ते तंत्र बसवलं व्हिव्हियन थॉमस या कृष्णवर्णीय तंत्रज्ञाने आणि १९४४ साली बाल्टिमोरला शस्त्रक्रिया केली अल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी. थॉमस स्वतः डॉक्टर नव्हते, त्यांचं नाव पुढे येायला फार वर्षं गेली. आज तोच आजार बहुतेक वेळा बाळ वर्षाचं व्हायच्या सुमारास पूर्ण दुरुस्त करतात.

लहान भोकं बरीचशी आपोआप बुजतात, फक्त तपासणीला जात राहायचं. काही भोकं मांडीतल्या शिरेतून नळी घालून छत्रीसारख्या उपकरणाने बंद करता येतात. मोठ्या भोकांना ऑपरेशन. इथे माझा एकच आग्रह असतो : 'जरा अंग धरू दे, मग बघू' म्हणू नका. गळती चालू असताना बाळ अंग धरणारच नाही. शिवाय वर्षानुवर्षं जास्त रक्त सोसून फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या कायमच्या जाड होतात आणि मग भोक बुजवलं तर उलट जिवावर बेततं. म्हणजे एक वेळ अशी येते की ऑपरेशन करणारा आहे, पैसे आहेत, पण उशीर झालेला असतो.

हा उशीर मुलींच्या वाट्याला जास्त येतो, हे मी माझ्या खुर्चीतून पाहिलंय. एका साडेतीन वर्षांच्या मुलीचे वडील तीनदा तारीख पुढे ढकलून गेले. छातीवर व्रण राहील, लग्नाच्या वेळी काय सांगायचं, हा त्यांचा प्रश्न. चौथ्या वेळी आजी सोबत आल्या. म्हणाल्या, "ब्लाऊजचा गळा वर शिवू की. आधी पोरगी धावू दे." मी पेन हातात दिलं आणि वडिलांनी सही केली. मुलगी आता सातवीत आहे.

पैशांचं सांगते, कारण इथे बसलेल्यांपेक्षा आपल्याकडे कामाला येणाऱ्या मावशी, वॉचमन, इस्त्रीवाले यांना ते जास्त लागेल. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. अंगणवाडीत आणि सरकारी शाळांत मुलं तपासतात, दोष सापडला की पुढे पाठवतात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत मुलांच्या हृदयाच्या अनेक शस्त्रक्रिया बसतात. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये 'आरोग्यमित्र' बसतो, आधी त्याला भेटायचं. खारघरच्या श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात मुलांच्या हृदयावर मोफत उपचार होतात. यातलं काही त्या माणसांना माहीत नसतं. फॉर्म भरून देणं, फोन लावून देणं आपल्याला सहज जमतं.

त्यांच्याच मुलांसाठी आणखी एक. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा दुखून बरा झाला, दोन-तीन आठवड्यांनी ताप आला आणि आज गुडघा, उद्या घोटा असे सांधे सुजू लागले, तर तो नुसता वात समजू नका. या तापाने हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होतात. पेनिसिलिनचं इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी, वर्षानुवर्षं न चुकवता घ्यावं लागतं. स्वस्त औषध आहे, पण गावी गेलं की नेमकं तेच चुकतं.

आत्ताच मागून चिठ्ठी आली आहे : ऑपरेशन झालेल्या मुलाला खाली क्रिकेट खेळू द्यावं का? बहुतेकांना द्यावं. छातीचं हाड जुळायला दीड-दोन महिने लागतात, तोवर धक्काबुक्की नको. त्यानंतर तुमच्या हृदयतज्ज्ञांना विचारून सोडा खेळायला. काही थोड्या मुलांना बंधनं असतात, ती तेच सांगतील. दात मात्र रोज दोनदा घासायला लावा, किडक्या दातातले जंतू रक्तातून हृदयापर्यंत पोचतात. आणि इतर मुलांच्या आयांनो, त्याला कायम अंपायर करून बाजूला उभं करू नका, बॅटिंग द्या.

बाकीचे प्रश्न चहाच्या वेळी. स्टेजमागे छोट्यांचा लेझीमचा ग्रुप कधीचा तयार होऊन उभा आहे, त्यांना आत येऊ द्या.