दप्तराबरोबर एक पत्रही

(शैक्षणिक वर्षाच्या प्रारंभी रुग्णालयाच्या सभागृहात झालेल्या पालक व देणगीदार मेळाव्यात प्रशासकीय अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. आयुष्य जमाखर्चात गेले. म्हणून औषधोपचाराविषयी आज जे बोलणार आहे, ते आपल्या बालरोग विभागातील डॉक्टरांकडून आधी तपासून घेतले आहे.

जूनच्या मध्यास शाळा उघडतात. महाद्वार रोडवर वह्या, दप्तरे, रेनकोट यांची खरेदी सुरू होते आणि पालक पोटाला चिमटा काढून ती करतात. १९१७ साली राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, तेव्हा मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवावा लागला होता. आज कोल्हापुरात त्या दंडाची आवश्यकता उरलेली नाही. मूल शाळेत पोहोचते; त्याचा आजार मात्र घरीच दडवून ठेवला जातो.

काही वर्षांपूर्वी आपल्याकडे करवीर तालुक्यातील एक मुलगा फिट्‌सच्या उपचारांसाठी येत असे. दुसरीत होता. शाळा सुरू झाली त्याच आठवड्यात प्रार्थनेच्या वेळी तो कोसळला. शाळेत कोणालाच काही ठाऊक नव्हते. कोणी कांदा हुंगविला, कोणी चप्पल नाकाशी धरली, कोणी दातांत चमचा घालण्याचा प्रयत्न केला. त्यात त्याचा एक दात हलला आणि ओठ फाटला. वडिलांना मी जरा रागानेच विचारले, शाळेत सांगितले का नाही? ते म्हणाले, “सायेब, सांगितलं असतं तर नाव घातलं असतं का त्यांनी?”

मला उत्तर सुचले नाही. त्यांच्या हातातील आपल्याच रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड पाहिले, तेव्हा तर मी वरमलो. सर्व मजकूर इंग्रजीत होता. त्यांनी तो शाळेत दाखविला असता, तरी गुरुजींना त्यातून काय कळणार होते? ती चूक पालकांइतकीच आमचीही होती.

त्यानंतर आम्ही शाळेसाठी एक पानी मराठी पत्र देऊ लागलो. आजाराचे नाव, औषधाची वेळ आणि त्रास झाल्यास काय करावे, एवढाच त्यात मजकूर असतो. फिट्‌स येणाऱ्या मुलासाठी लिहिलेले असते: मुलाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, तोंडात काहीही घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत, घड्याळ पाहावे, पाच मिनिटांत झटका थांबला नाही, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. दम्याच्या मुलाचा पंप कोठे ठेवला आहे आणि तो कसा वापरावा, हे लिहून दिलेले असते. इन्सुलिन घेणाऱ्या मुलाला घाम फुटून थरथर सुटली, तर तास संपण्याची वाट न पाहता त्याला साखर द्यावी, असे त्याच्या पत्रात असते.

नाव काढून टाकतील ही भीती मला समजते. परंतु २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे आणि त्यानुसार प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, कोणत्याही मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. पालकांनी हे निर्धास्तपणे सांगावे.

आणखी एक. सुटीत मुले आजोळी जातात, जागरणे होतात, गोळ्या चुकतात. झोपमोड आणि चुकलेली गोळी ही दोन्ही फिट येण्याची मोठी कारणे आहेत. म्हणून शाळेच्या आठवडाभर आधीच झोपण्याची व औषधाची वेळ पुन्हा रुळावर आणावी. महिन्याचे औषध संपण्याआधी पुढचे घरात असावे.

पाच ते सहा वर्षांच्या मुलांचा त्रिगुणी लसीचा बूस्टर आणि दहाव्या वर्षीची टीडीची लस राहिली असल्यास आताच घ्यावी. डोळेही तपासून घ्यावेत. फळ्यावरचे अंधुक दिसत असल्याची तक्रार मूल करीत नाही. सर्वांनाच तसे दिसते असे त्याला वाटते. दप्तराचे ओझे मुलाच्या वजनाच्या एक-दशांशाहून अधिक नसावे, असे शासनाने २०१५ मध्ये ठरवून दिले आहे. वीस किलोच्या मुलाला दोन किलो. घरी काट्यावर ठेवून पाहावे. बहुतेकांना आश्चर्य वाटेल.

कोल्हापूरकरांना पुराविषयी मी वेगळे सांगायला नको. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत दप्तरांबरोबर कित्येकांचे केसपेपर आणि लसीकरणाची कार्डेही भिजून गेली. कागदांच्या प्रती प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवाव्यात आणि एक संच नातेवाइकांकडे द्यावा.

देणगीदारांनी दरवर्षी वह्या दिल्या, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. वह्या देणारे हात अनेक आहेत. चष्मे, पंप आणि शाळेत ठेवायचे जादा औषध यांसाठी मात्र तुटपुंजी रक्कम जमते. पावतीवर तसा उल्लेख केल्यास ती देणगी त्याच खात्यावर जमा करण्यात येईल.

पत्र केसपेपरच्या खिडकीवर विनाशुल्क मिळते. त्यावर डॉक्टरांची स्वाक्षरी मात्र घ्यावी. वर्गशिक्षक बदलले की ते नव्याने द्यावे लागते. त्या मुलाची आई यंदा मे महिन्यातच येऊन नवे पत्र घेऊन गेली. जुने घड्या पडून फाटले होते.