निळीची ओळख

रंगासाठी नीळ शोधताना हमखास फसवते ती उन्हाळी, म्हणजे शरपुंखा. दोघींची पानं संयुक्त, फुलंही गुलाबी-जांभळ्या छटांची. लांबून गफलत होतेच. उन्हाळीची पर्णिका टोकाला धरून ओढा, ती बाणाच्या टोकासारखी तुटते. निळीची तशी तुटत नाही. शेंगाही पाहा: निळीच्या बारीक, गोलसर; उन्हाळीच्या चपट्या.

पक्की खात्री मात्र पाण्यातच. ताजा पाला कोमट पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा. सकाळी पाला काढून थोडा चुना घाला आणि पाणी चांगलं घुसळा. हवा लागताच हिरवट पाणी निळं होऊ लागतं, फेससुद्धा निळा! पाला तोडाल तो फुलोऱ्याच्या सुमारास, आणि झुडूप मुळासकट उपटू नका. ते पुन्हा फुटतं.