बाजारातील चुरस आणि पैसे चुकविण्याच्या नाना रीती
(निमगाव केतकी येथील वार्षिक मेळाव्यात झालेले भाषण)



मंडळाने मला नेमून दिलेला विषय रुक्ष आहे खरा. पण आपल्यापैकी पुष्कळ घरांची चूल दुकानाच्या गल्ल्यावर पेटते, तेव्हा त्याचा कंटाळा करून भागणार नाही.

आपले निमगाव बारामती-इंदापूर रस्त्यावर वसलेले आहे. एका अंगाला बारामतीची मोठी पेठ, दुसऱ्या अंगाला तालुक्याचे ठिकाण. हवे ते गिऱ्हाइकाने स्वतः उचलून टोपलीत घालावे अशी थंडगार दुकाने आता तालुक्याच्या गावांतही उघडली आहेत, आणि ज्याला तितकेही चालायचे नाही त्याच्या दारात माल टाकणाऱ्या कंपन्या आहेत. त्यांच्या भावाशी आपण भिडू शकत नाही, हे आधीच कबूल केलेले बरे. जो गाडीभर माल घेतो त्याला घाऊक व्यापारी जो भाव देईल, तो दोन पोती घेणाऱ्याला देणार नाही.

मग खेड्यातले दुकान इतकी वर्षे टिकले कशावर? माझ्या मते ते भावापेक्षा पैसे चुकविण्याच्या रीतीवर टिकले. पानमळेवाल्याची पाने तोडून बाजारात गेली, आडत्याची पट्टी आली, म्हणजे तो वाण्याचे देणे देई. उसाचे बिल भवानीनगरच्या किंवा दुसऱ्या कारखान्याकडून निघाले, म्हणजे ऊसवाला देई. तोवर तेल, मीठ, गूळ वहीवर. ही सवलत शहरातले दुकान अनोळखी माणसाला देत नसे. वाण्याजवळ माणसाची पारख होती, तेच त्याचे भांडवल.

परंतु उधारीचे गणित कठोर असते. समजा, शंभर रुपयांच्या विक्रीत पाच रुपये सुटतात. एक शंभराची उधारी बुडाली, तर मुद्दलाचे पंचाण्णव रुपये भरून काढण्यास आणखी एकोणीस शेकड्यांची रोख विक्री करावी लागते. शिवाय, रोखीत वर्षातून बारा वेळा फिरणारे भांडवल उधारीत तीनच वेळा फिरले, तर बारा वेळा सुटणारे पाच रुपये तीनदाच सुटतात. ही तूट दुकानदार कोठून काढणार? भावातून. ‘उधारीचे पोते, सव्वा हात रिते’ ही म्हण गिऱ्हाइकाच्या बाजूने रचली गेली, आणि ती खोटी नाही.

येथे आपल्याच मुलखातील एक गोष्ट आठवते. १२ मे १८७५ रोजी बारामतीजवळच्या सुपे गावी बाजारात शेतकरी सावकारांवर उठले. त्या दंग्यांत त्यांचा रोख होता तो रोख्यांवर आणि वह्यांवर. ते कागद त्यांनी हिसकावून जाळले, कारण त्यांत काय लिहिले आहे ते त्यांना वाचता येत नव्हते आणि कोणी वाचून दाखवीत नव्हते. पुढे १८७९ मध्ये सरकारने कायदा केला. त्यात ऋणकोला पावती आणि हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क दिला. वही कोणाच्या हाती आहे आणि ती कोणाला वाचता येते, हा प्रश्न दीडशे वर्षे जुना आहे. आज तो नव्या वेषात आला आहे इतकेच.

एप्रिल २०१६ मध्ये यूपीआयची सुरुवात झाली. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला पाचशे व हजाराच्या नोटा रद्द झाल्या आणि ज्या दुकानदाराने बँकेचे तोंड वर्षातून दोनदा पाहिले असेल, त्यालाही फोनची वाट धरणे भाग पडले. ऑगस्ट २०२५ मध्ये देशभर एका महिन्यात या मार्गाने दोन हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर दुकानदाराकडून व्यवहारशुल्क घेतले जात नाही. बोलक्या पेटीचे मासिक भाडे मात्र निराळे. क्रेडिट कार्डाचे तसे नाही. शेकडा पाच सुटणाऱ्या मालावर शेकडा दोन कापले गेले, तर नफ्याचे दोन पंचमांश गेले. म्हणून कोणत्या मालावर कोणती रीत स्वीकारायची, हे मालागणिक ठरवावे. बिनव्याजी हप्त्यांच्या जाहिरातींविषयी तर रिझर्व्ह बँकेनेच २०१३ मध्ये बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी वस्तू अस्तित्वात नाही. व्याज किमतीत तरी दडते, नाही तर शुल्कात.

या कंपन्यांतही चुरस आहे, पण ती दोघांतच फार. फोनपे आणि गूगल पे मिळून सुमारे चार पंचमांश व्यवहार हाताळतात. एका कंपनीकडे तीस टक्क्यांहून अधिक व्यवहार नसावेत हा नियम २०२० मध्ये जाहीर झाला, तरी त्याची मुदत पुढे पुढे ढकलली गेली. आणि एकाच दाराशी सर्व ठेवण्याचा धोका मार्च २०२४ मध्ये दिसला. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार १५ मार्चनंतर पेटीएम पेमेंट्स बँकेच्या खात्यांत नवी रक्कम स्वीकारणे थांबले, आणि ज्या दुकानांच्या भिंतीवरील कोड तेथील खात्याला जोडलेले होते, त्यांना दुसरी बँक शोधावी लागली. कोड आपल्या नेहमीच्या बँकेच्या खात्यास जोडलेला आहे ना, हे प्रत्येकाने घरी जाऊन पाहावे.

वहीची गोष्ट येथेच येते. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या जमेवरून करखात्याने लहान विक्रेत्यांना नोटिसा काढल्या, आणि बंगळुरात कित्येकांनी कोड उतरवून ‘फक्त रोख’ अशा पाट्या लावल्या. मला ती पाटी शहाणपणाची वाटत नाही. मालाच्या विक्रीत सर्वसाधारणपणे चाळीस लाखांच्या उलाढालीपलीकडे जीएसटीची नोंदणी लागते. दूध, ताजी भाजी यांसारखा केवळ करमुक्त माल विकणाऱ्यास ती लागत नाही. पण हे सिद्ध करावयास आपल्यापाशी आपली वही हवी. बँकेच्या उताऱ्यात जमा दिसते. ती विक्रीची, की भावाने परत केलेल्या उसन्याची, हे उतारा सांगत नाही.

आणि आपल्या घरांत नेमका येथेच घोळ आहे. गल्ल्यावर वडील, भिंतीवरचा कोड मुलाच्या खात्याचा, घाऊक व्यापाऱ्याचे देणे वडिलांच्या नावे, आणि सुनेच्या फोनवर येणारे पैसे तिसरीकडे. पेटी मोठ्याने रक्कम सांगते, सर्वांना वाटते धंदा चालला. महिनाअखेर व्यापारी दारात उभा राहिला की भावाभावांत बोलाचाली होते. अशी भांडणे आपल्या पंचांपुढे येऊ लागली आहेत. दुकानाचे खाते निराळे काढावे आणि त्यातून घरखर्चासाठी ठराविक रक्कम उचलावी. ही वही घरातील शिकलेल्या मुलींकडे आणि सुनांकडे सोपवण्यास काय हरकत आहे? पुष्कळ ठिकाणी त्या ती आधीच चालवीत आहेत. फक्त त्यांना कोणी विचारीत नाही.

उधारी बंद करा असे मी सांगणार नाही. ती बंद केली तर आपण आणि शहरातले दुकान यांत फरक उरणार नाही. मात्र ती मर्यादेत असावी, गिऱ्हाइकाजवळही तिची नोंद असावी, आणि रोख देणाराला उघड वटाव मिळावा. त्याने उधारीवाल्याचे व्याज का भरावे?

शेवटी एक व्यावहारिक सूचना. आषाढात तुकोबांची पालखी आपल्या गावी मुक्कामास असते. अशा गर्दीत फोनचे जाळे अडखळते आणि वारकऱ्याला चहा, बिस्किटाचा पुडा, औषधाची गोळी तर तत्काळ हवी असते. तेव्हा दहा-वीसच्या नोटा आणि नाणी आठवडाभर आधी बँकेतून आणून ठेवावीत, आणि सुटे नाहीत म्हणून कोणास परत पाठवू नये.