उंच केलेली पिकअप आणि चाकांची जुळणी



नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट भरायचे आणि ओतूरवरून माळशेज घाट उतरून कल्याण गाठायचे, हे काम आता पिकअप गाड्या करतात. पण त्याआधी गाडीला शेतापर्यंत जावे लागते. पाणंदीत चाकोरी खोल, मधला उंचवटा गाडीच्या पोटाला घासतो. म्हणून पुष्कळ जण पाटे वाढवून किंवा पाट्याखाली ठोकळे घालून गाडी उंच करतात आणि मोठे टायर चढवतात. पाणंदीचा प्रश्न सुटतो, पण डांबरी सडकेवर गाडी टायर खाऊ लागते, एका अंगाला ओढते. हे का होते आणि काय करावे, ते आज पाहू.

पहिली गोष्ट कायद्याची. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातला तपशील कंपनीच्या मूळ रचनेहून वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. तेव्हा गाडी उंच करण्यापूर्वी आर.टी.ओ. कार्यालयात विचारा. अपघात झाला तर विम्याच्या वेळीही हाच प्रश्न निघतो.

आता चाकांकडे वळू. पुढच्या चाकांची तीन मापे असतात. समोरून पाहिले तर चाक उभे आहे की आत-बाहेर कलले आहे, तो कॅम्बर. वरून पाहिले तर दोन्ही चाके पुढच्या बाजूला एकमेकांकडे वळली आहेत की फाकली आहेत, तो टो. वळली असतील तर टो-इन, फाकली असतील तर टो-आउट. तिसरा कॅस्टर. सायकलचा पुढचा चिमटा मागे कललेला असतो, म्हणून चालत्या सायकलचे चाक आपसूक सरळ राहते. मोटारीतही चाक ज्या आसावर वळते, तो आस वरच्या टोकाला थोडा मागे कललेला असतो. हा कल कमी झाला, की गाडी रस्त्यावर भटकते आणि वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही.

गाडी उंच केल्यावर यात काय बिघडते? पुढे अखंड आस आणि पाटे असतील, तर कॅम्बर सहसा बदलत नाही. पण पाट्याचे एक टोक खाली-वर झाले की कॅस्टर बदलतो. तो जुळवायला पाटे व आस यांच्यामध्ये पाचरीच्या आकाराची पट्टी बसवतात. पुढची चाके स्वतंत्र हातांवर असतील, तर गाडी उचलल्यावर कॅम्बर, कॅस्टर आणि टो तिन्ही हलतात. शिवाय स्टिअरिंगचे दांडे तिरके होतात, आणि खड्ड्यात चाक वर-खाली झाले की स्टिअरिंगला झटका बसतो.

टायरवरूनही दोष कळतो. दोन्ही टायर बाहेरच्या कडेला झिजले, तर टो-इन जादा. दोन्ही आतल्या कडेला झिजले, तर टो-आउट. एकच टायर एका कडेला झिजला, तर कॅम्बर तपासा. दोन्ही कडा झिजल्या आणि मधला भाग राहिला, तर हवा कमी. फक्त मधला भाग झिजला, तर हवा जास्त.

ही झीज किती महागात पडते, याचा हिशेब करा. ७०० मि.मी. व्यासाच्या चाकांना एकूण ७ मि.मी. टो चुकला, तर प्रत्येक चाकाच्या वाट्याला साडेतीन मि.मी. येतात. म्हणजे गाडी १ किलोमीटर गेली की प्रत्येक चाक जवळजवळ ५ मीटर आडवे घासले जाते. नवे टायर काही महिन्यांतच गुळगुळीत होतील, यात नवल ते काय?

टो घरीही तपासता येतो. सपाट जागेवर, हवा बरोबर भरून, स्टिअरिंग सरळ ठेवा. जॅकवर चाक उचलून फिरवा आणि टायरच्या मधोमध खडूने रेघ ओढा. दुसऱ्या चाकालाही तसेच करा. गाडी खाली उतरवा आणि दोन-तीन मीटर पुढे ढकलून थांबवा. चाकाच्या मध्याच्या उंचीवर, मागच्या बाजूला, दोन्ही रेघांमधले अंतर मोजा. मग त्याच उंचीवर पुढच्या बाजूचे अंतर मोजा. पुढचे अंतर कमी आले तर टो-इन. पुस्तिकेतला आकडा मि.मी. मध्ये असेल, तर तो मूळ टायरसाठी आहे. अंशात असेल, तर टायर मोठा झाला तरी तोच चालतो.

कॅम्बर आणि कॅस्टर मात्र अलाइनमेंटच्या यंत्रावरच तपासावे. मिस्त्रीला क्रम सांगा : आधी बेअरिंग, बॉल जॉइंट आणि टाय रॉडची टोके ढिली नाहीत ना, हे पाहायचे. मग कॅस्टर, त्यानंतर कॅम्बर, आणि टो सर्वांत शेवटी. टो आधी लावला, तर बाकीची मापे लावताना तो पुन्हा सरकतो. काम झाल्यावर यू-बोल्ट आणि टाय रॉडचे लॉक नट आवळून घ्या. पाटे बदलले असतील तर थोडे दिवस गाडी चालवून पुन्हा तपासा. टायर पूर्ण वळवून तो कुठे घासत नाही ना, तेही पाहा.

मोठा टायर मीटरलाही फसवतो. २१५/७५ आर १५ टायरचा व्यास सुमारे ७०४ मि.मी., तर २३५/७५ आर १५ चा सुमारे ७३४ मि.मी. म्हणजे जमिनीपासूनची उंची फक्त १५ मि.मी. वाढली, पण मीटर ६० दाखवतो तेव्हा गाडीचा खरा वेग ६२-६३ असतो. चाक जड झाले, ब्रेकवर भार वाढला, आणि उंच गाडीचा तोलही वर गेला. भरल्या क्रेटसह घाट उतरताना हे सगळे एकदम अंगावर येते. म्हणून घाटात खालच्या गियरमध्ये उतरा, भार नोंदणी पुस्तकातल्या मर्यादेतच ठेवा, आणि मजुरांना मालाच्या गाडीत बसवू नका.

एक उपाय गाडीबाहेरचाही आहे. पाणंदीतला उंचवटा कुदळीने कापून चाकोरीत मुरूम भरला, तर पुष्कळांना गाडी उंच करण्याची गरजच पडणार नाही. शेजारच्या चार शेतकऱ्यांनी मिळून एक दिवस हे काम करून पाहावे. आणि गाडी आधीच उंच केली असेल, तर या आठवड्यात खडू आणि टेप घेऊन टो तेवढा मोजाच.