शुगरची ‘भारी’ गोळी कोणती?

मी मूळचा अर्धापूरचा, बीटेक करून सध्या पुण्यात कोडिंग करतो. मी डॉक्टर नाही. त्यामुळं आज जे ऐकाल ते डॉक्टरांना प्रश्न विचारायला वापरा, स्वतःच गोळी बदलायला नको.

मागच्या आषाढीची गोष्ट. बाबांनी सवयीनं शुगरची गोळी घेतली आणि नुसत्या चहावर केळीच्या बागेत खत टाकायला गेले. अकराच्या सुमारास दरदरून घाम, हातपाय लटपट. आईला वाटलं, शुगर वाढली. मशीनवर आकडा आला 54! तीन चमचे साखर पाण्यात घोळून पाजली, 15 मिनिटांनी परत तपासलं, तेव्हा कुठं जीवात जीव आला.

मी गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो मागवला. कंपनीनं दिलेलं नाव मोठं, खाली बारीक अक्षरात दोन औषधं: मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड.

मेटफॉर्मिन यकृतातून रक्तात येणारी साखर कमी करतं. एकटं घेतलं तर शुगर सहसा फार खाली जात नाही. पोट बिघडू शकतं, म्हणून जेवणासोबत घ्यायचं. वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-12 तपासून घ्यायचं.

ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं. तुम्ही जेवलात का नाही, हे त्याला कळत नाही. म्हणजे इनपुट न तपासता चालणारा कोड! स्वस्त आहे, काम चोख करतं. पण जेवण चुकलं की घात.

सिटाग्लिप्टिन मुख्यतः जेवणानंतर साखर वाढली की काम करतं, वजनही वाढवत नाही. एम्पाग्लिफ्लोझिन जास्तीची साखर लघवीतून बाहेर काढतं; हृदय आणि किडनीलाही त्याचा फायदा होतो. पण लघवीच्या जागी बुरशीचा संसर्ग होऊ शकतो, आणि कडक उपवास करणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारायलाच हवं. मार्च 2025 मध्ये भारतात त्याचं पेटंट संपलं आणि किंमत एकदम खाली आली.

मग भारी कोणती? हा प्रश्नच चुकीचा आहे. किडनी कशी आहे, खिशाला काय परवडतं, जेवण वेळेवर होतं का, यावर गोळी ठरते. बाबा महिन्याला दोन एकादश्या धरतात, हे त्यांनी डॉक्टरांना कधी सांगितलंच नव्हतं! आता सांगितलंय. उपवासाच्या दिवशी काय घ्यायचं, ते वेगळं लिहून मिळालंय.

आज घरी फोन लावा. ‘गोळी घेतली का?’ एवढंच विचारू नका. ‘जेवलात का?’ हे आधी विचारा.