रेंज आहे, पण नेट नाही



कल्याणजवळच्या मोहन्यातला एनआरसी कारखाना 2009 मध्ये बंद पडला, तेव्हा इथल्या बहुतेक घरांत मोबाइल होता तो बोलण्यापुरता. आज इथली मुले ॲपवर ऑर्डर घेऊन पार्सले पोचवतात, भाजीवाल्या मावशी क्यूआर कोड लावून बसतात. नेट गेले की त्यांची दिवसाची कमाई थांबते. म्हणून फोनमधल्या ज्या पानाकडे आपण कधी बघत नाही, त्या एपीएनविषयी, म्हणजे ॲक्सेस पॉइंट नेमविषयी, मी आज बोलणार आहे.

‘रेंज फुल आहे, पण नेट चालत नाही’ ही तक्रार आपण रोज ऐकतो. टॉवर सापडणे वेगळे आणि इंटरनेटपर्यंत पोचणे वेगळे. टॉवरशी जुळल्यावर फोन कंपनीला एक नाव कळवतो. त्या नावावरून कंपनी ठरवते, की तुम्हाला कोणत्या गेटवेतून बाहेर सोडायचे. जिओचे नाव ‘जिओनेट’, बीएसएनएलचे ‘बीएसएनएलनेट’, एअरटेलचे ‘एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम’. फोनमध्ये ही नावे इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता लिहायची. एक अक्षर चुकले तरी रेंज भरलेली दिसेल आणि नेट अडकू शकेल.

हे नाव फोनला कोण सांगतो? सिमच्या ओळख क्रमांकातले पहिले आकडे. 404 किंवा 405 म्हणजे भारत. पुढचे आकडे कंपनी आणि सर्कल, म्हणजे सेवाक्षेत्र, सांगतात. एअरटेलचा मुंबई सर्कलचा आकडा 92, तर महाराष्ट्र-गोव्याचा 90. आपल्याकडची गंमत अशी, की लँडलाइन ठाण्यात एमटीएनएलची, कल्याणात 0251 लावून बीएसएनएलची. मोबाइलच्या हिशेबात मात्र कल्याण मुंबई सर्कलमध्ये येते. त्यामुळे कसारा घाट चढून नाशिकला गेलात की काही फोन रोमिंग दाखवतात. तिथे ‘डेटा रोमिंग’ बंद असेल तर नेट थांबू शकते. अशा वेळी एपीएन बदलू नका. आधी ते एक बटण तपासा.

जुन्या फोनवाल्यांना या नावाचा फटका आठवत असेल. एकाच कंपनीची दोन नावे असत, एक तिच्या पोर्टलसाठी आणि दुसरे खुल्या इंटरनेटसाठी. पैसे किलोबाइटवर कापले जात आणि चुकीच्या नावाने बॅलन्स संपे. नकळत नेट सुरू होऊन पैसे जाऊ नयेत, यासाठी दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने ग्राहकाची स्पष्ट संमती सक्तीची केली आणि त्यासाठी 1925 हा टोल-फ्री क्रमांक ठरवून दिला. हा नियम ग्राहकाच्या बाजूचा होता, आणि तसाच असायला हवा होता.

आता त्या पानावरच्या बाकीच्या ओळी. ‘एपीएन टाइप’मध्ये डिफॉल्ट म्हणजे रोजचे नेट. आयएमएस या नावाची वेगळी नोंद दिसली तर तिला हात लावू नका; फोर-जीवरचे कॉल तिच्यातून जातात. ‘प्रोटोकॉल’मध्ये आयपीव्ही4 आणि आयपीव्ही6 दोन्ही ठेवा. ‘प्रॉक्सी’ रिकामी राहू द्या, आणि हे मी आग्रहाने सांगतो. फुकट नेट मिळेल म्हणून कॉलेजातली मुले कुणाकडून तरी आकडे घेऊन तिथे भरतात. त्यानंतर त्यांच्या फोनमधल्या माहितीची ये-जा कोणा अनोळखी माणसाच्या कॉम्प्युटरमधून होते.

सेटिंग पाठवणाऱ्या मेसेजचाही असाच धोका आहे. 2019 मध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीने दाखवून दिले, की कंपनीच्या नावाने आलेला बनावट सेटिंग-मेसेज ग्राहकाने स्वीकारला, तर काही अँड्रॉइड फोनमध्ये प्रॉक्सी बदलता येते. फोन विचारतो, ‘इन्स्टॉल करू?’ आणि आपण विचार न करता ‘हो’ म्हणतो. बँकेचा ओटीपी कुणाला द्यायचा नाही, हे आता घरोघरी कळले आहे. सेटिंगच्या बाबतीत तेवढी सावधगिरी अजून आलेली नाही.

नंबर पोर्ट केला किंवा बाहेरून आणलेला फोन घेतला, की हे पान एकदा तपासावे लागते. बिघाड झालाच तर त्याच पानावर ‘रीसेट टू डिफॉल्ट’ असते. बहुतेक वेळा तेवढे पुरते. नाही पुरले, तर 198 वर तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा क्रमांक मागून घ्या.

आज घरी गेल्यावर नेट चालू असतानाच ते पान उघडा आणि त्यावरच्या ओळी वहीत उतरवून ठेवा. घरातल्या आजी-आजोबांच्या फोनच्याही. आणि फोनवर कुणी सांगितले म्हणून त्यातले एकही अक्षर बदलू नका.