मधल्या रांगेतला वादक



या व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आमच्याकडे विषय मागितला, तेव्हा आम्ही ‘लॉरेन्स ब्राउन यांचे ट्रॉम्बोनवादन’ असे कळवले. चिटणिसांना वाटले, आम्ही थट्टा करतो आहोत. कामगार संघटनेचा माणूस, त्याने किमान वेतनावर बोलावे, बोनसवर बोलावे. उसाच्या आणि द्राक्षांच्या या गावात अमेरिकेतल्या एका वाजवणाऱ्याचे काय काम, ही त्यांची शंका वाजवी होती. आमचे उत्तर असे की, आज आम्ही कामाबद्दलच बोलणार आहोत. एका माणसाच्या अंगात तीन-चार हुन्नर असले तर त्या माणसाचे काय होते, हा प्रश्न हडपसरच्या कारखान्यात जसा पडतो, तसाच तो वाद्यवृंदातही पडतो. संगीतशास्त्राचे आमचे शिक्षण नाही. शाळा सातवीत सुटली, पुढचे जे काही शिकलो ते वाचनालयात आणि जुन्या बाजारातल्या तबकड्यांवर. तेव्हा शास्त्र चुकले तर जाणकारांनी सांभाळून घ्यावे.

आधी वाद्याची ओळख करून घेऊ. ट्रॉम्बोन आपण पाहिलेला आहे. वरातीच्या बँडमध्ये किंवा पुण्याच्या गणपती विसर्जनात प्रभात बँडसारख्या पथकात एखादा वादक लांब पितळी नळी पुढेमागे सरकवताना दिसतो, तेच हे वाद्य. त्याची नळी सरळ केली तर सुमारे नऊ फूट भरेल. बासरीला भोके असतात, पेटीला पट्ट्या असतात. सरकत्या नळीच्या ट्रॉम्बोनला यातले काहीच नाही. नळी सरकवण्याच्या सात जागा आहेत आणि त्या जागांवर खूण नाही. हात कुठे थांबवायचा हे कानाने ठरवायचे. बोटभर इकडेतिकडे झाले की स्वर बेसूर. म्हणून या वाद्यावर मींड सहज निघते, पण जलद आणि स्वच्छ तान निघणे फार कठीण. गवयाच्या गळ्याशी त्याचे नाते आहे, आणि गळ्याइतकेच ते बेइमान आहे.

आता ज्याला बिग बँड म्हणतात त्या वाद्यवृंदाची बैठक पाहू. पंधरा-सोळा माणसे. पुढच्या रांगेत सॅक्सोफोन, शेवटच्या रांगेत ट्रम्पेट, बाजूला पियानो, बास आणि ड्रम. मधल्या रांगेत ट्रॉम्बोनवाले तिघे. लोकांची नजर पुढच्या रांगेवर जाते, कान मागच्या ट्रम्पेटच्या किंकाळीवर जातो, आणि मधली रांग सगळ्यांना भरणा पुरवते. शाहिराच्या मागे झीलकरी उभे असतात, तसे त्यांचे काम. झीलकऱ्याने जी जी रं जी सोडून दिले तर शाहिराचा पोवाडा उघडा पडतो. पण घरी जाताना लोक नाव घेतात ते शाहिराचे. आम्ही लाल बावटा कलापथकाच्या अमर शेखांची, अण्णाभाऊंची, गवाणकरांची आठवण काढतो. त्यांच्या मागे झील धरणाऱ्यांची नावे सांगा म्हटले तर आमच्यातल्याही पुष्कळांची मान खाली जाईल.

लॉरेन्स ब्राउन यांचा जन्म १९०७ साली अमेरिकेतल्या कॅन्सस प्रांतात झाला. वडील कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये धर्मोपदेशक. मुलगा कॅलिफोर्नियात वाढला. पियानो शिकला, व्हायोलिन शिकला, ट्यूबा नावाचा अजस्र कर्णा शिकला आणि शेवटी ट्रॉम्बोनवर स्थिरावला. चेलो हे व्हायोलिनच्या कुळातले खर्जाचे वाद्य. त्या चेलोचा मऊपणा पितळेतून काढायचा, असा त्याने ध्यास घेतला. दारू नाही, विडी नाही, जुगार नाही, म्हणून सोबती त्यांना ‘डीकन’ म्हणत. आपल्याकडे ‘बुवा’ म्हटले असते.

१९३२ साली ते ड्यूक एलिंग्टन यांच्या बँडमध्ये आले. तिथे ट्रॉम्बोनवर आधीच दोघे होते. एक जो नॅन्टन. मोरीचे तुंबलेले पाणी मोकळे करायला जे रबरी टोपण वापरतात, ते दांड्यावाचून घेऊन हा माणूस ट्रॉम्बोनच्या तोंडावर धरी, आणि त्यातून रडणारा, गुरगुरणारा, माणसासारखा बोलणारा आवाज काढी. दुसरे हुआन टिझोल, पोर्तो रिकोचे. त्यांच्या ट्रॉम्बोनला सरकती नळी नव्हती, झडपा होत्या. स्वर अचूक आणि चाल नेमकी. ‘कॅरॅव्हान’ ही १९३६ सालची प्रसिद्ध रचना मूळ त्यांच्याच डोक्यातून आली. नॅन्टन बोलत, टिझोल रेखीव वाजवत आणि ब्राउन गात. एका रांगेत बसलेले हे तीन वादक तीन वेगळ्या गावांचे वाटावेत असे होते.

७ नोव्हेंबर १९४० रोजी फार्गो नावाच्या थंड गावात हा बँड नाचाच्या कार्यक्रमाला गेला. दोन तरुण हौशी मंडळींनी परवानगी काढून तबकडी कोरण्याचे यंत्र तिथे नेले आणि ती रात्र मुद्रित केली. हे तिघेही त्या रात्री वाजवत आहेत. ते मुद्रण ज्यांना मिळेल त्यांनी ऐकावे. ‘रोज ऑफ द रिओ ग्रँड’ या गाण्यात ब्राउन उभे राहतात आणि असा सफाईदार, उड्या घेणारा तुकडा वाजवतात की, हे तेच अवजड वाद्य आहे यावर विश्वास बसत नाही. थोड्या वेळाने दुसऱ्या एखाद्या संथ चिजेत तोच माणूस लांब श्वासाने एकेक स्वर असा ठेवतो, की आपल्याला किराणा घराण्याची संथ आलापी आठवावी. आणि मग पुढच्या क्षणी तो खाली बसून, दुसऱ्या कुणाच्या गाण्यामागे, आपला आवाज इतर दोघांच्या आवाजात मिसळून टाकतो. आमच्या मते हीच त्यांची थोरवी. उभे राहून गाजवणारे पुष्कळ असतात आणि बसून झील धरणारेही पुष्कळ. ब्राउन ही दोन्ही कामे एकाच रात्री, एकाच पगारात, सारख्याच निष्ठेने करत.

पगाराचा शब्द निघाला, तेव्हा त्या बाजूकडे वळू. १९३३ साली ‘सॉफिस्टिकेटेड लेडी’ ही एलिंग्टन यांची रचना बाहेर आली आणि जगभर गेली. कागदावर नावे आहेत एलिंग्टन यांचे, व्यवस्थापक मिल्स यांचे आणि नंतर शब्द लिहिणाऱ्या पॅरिश यांचे. ब्राउन यांचे म्हणणे असे होते की, तिच्यातला एक भाग आपला आणि दुसरा सॅक्सोफोनवाल्या ओटो हार्डविक यांचा, आणि त्याबद्दल दोघांना पंधरा-पंधरा डॉलर मिळाले. तुम्ही रचनाकार नव्हे, संकलक आहात, अशा आशयाचे बोल त्यांनी मालकाला तोंडावर ऐकवले, असेही ते सांगत.

इथे आम्हांला कामगार पुढाऱ्याची सवय आवरून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. एलिंग्टन हे गिरणीमालक नव्हते. ते स्वतः कृष्णवर्णीय, स्वतः रोज पियानोवर बसणारे. बिग बँडचे दिवस सरले, मोठमोठे बँड मोडले, तेव्हाही त्यांनी आपल्या माणसांना वर्षभर कामावर ठेवले, आणि त्यासाठी आपल्या रचनांच्या मानधनातला पैसा ओतला. म्हणजे ज्या चालींवर ब्राउन हक्क सांगत, त्यांच्याच उत्पन्नातून ब्राउन यांचा पगार निघत होता. हिशेब असा गुंतागुंतीचा आहे. पण हिशेब गुंतागुंतीचा आहे म्हणून नाव गाळावे, असे कोणत्याही न्यायात बसत नाही. पगार हा श्रमाचा मोबदला आहे. नाव ही निराळी बाब आहे, आणि ती पगारात वळती करता येत नाही.

१९५१ साली ब्राउन बँड सोडून गेले, १९६० साली परत आले. तोवर नॅन्टन वारून चौदा वर्षे झाली होती. पण जुन्या रचनांत नॅन्टन यांचा रबरी टोपणातला आवाज असा विणलेला होता, की तो काढला तर कापडच उसवले असते. तेव्हा तेही काम ब्राउन यांच्या गळ्यात आले. चेलोसारखे गाणारा हा माणूस आता गुरगुरण्याचेही काम करू लागला. ते त्यांना मनापासून रुचत नव्हते, आणि ते त्यांनी लपवलेही नाही. पण त्या काळची मुद्रणे ऐका. कुरकुर कुठेही ऐकू येत नाही. टोपणातही स्वर जागेवर, ताल जागेवर.

हे ऐकताना आम्हांला एका बँडवाल्याची आठवण होते. लग्नाचा हंगाम संपल्यावर तो आमच्या कार्यालयात आला होता. ट्रॉम्बोन वाजवायचा, सनईवाला आला नाही तर क्लॅरिनेट धरायचा, आणि वरात थांबली की दिव्यांची गाडी ढकलायची, अशी तीन कामे. पगार एकाच कामाचा, आणि त्यातून उचल कापलेली. तो म्हणाला, “साहेब, मला वाजवता येतं हा माझा गुन्हा झाला.” आम्ही त्या ठेकेदाराशी बोललो, थोडेफार पदरात पडले. पण ते वाक्य डोक्यातून जात नाही. ज्याला एकच काम येते त्याला मालक एकच काम सांगतो. ज्याला चार येतात त्याला चार सांगतो, आणि वर त्याला ‘हरहुन्नरी’ म्हणतो. श्रोतेहो, हरहुन्नरी हा शब्द कौतुकाचा असावा. चार माणसांचे काम एकाकडून काढून घेण्याचा तो परवाना होता कामा नये.

ब्राउन आपल्या देशातही येऊन गेले आहेत. १९६३ सालच्या शरद ऋतूत अमेरिकन सरकारने एलिंग्टन यांचा बँड मध्यपूर्वेत आणि भारतात पाठवला. दिल्लीत एलिंग्टन आजारी पडून इस्पितळात गेले, तरी बँडने कार्यक्रम केले. पुढे मुंबईतही तो वाजला. मधल्या रांगेत ब्राउन, बस्टर कूपर आणि चक कॉनर्स होते. या प्रवासातून ‘फार ईस्ट स्वीट’ ही रचनामाला निघाली आणि १९६६ च्या डिसेंबरात मुद्रित झाली. तिच्यातल्या ‘अमाद’ या भागाच्या शेवटी ब्राउन यांचा ट्रॉम्बोन अजानसारखी हाक देतो. मींड घेणारे वाद्य किती लांबचे बोलणे बोलू शकते, ते तिथे कळते.

पण मुंबईला हे संगीत १९६३ साली पहिल्यांदा कळले, असे कुणी समजू नये. त्याआधी कितीतरी वर्षे गोव्याची मंडळी ते वाजवत होती. गोव्यात चर्चच्या शाळेत स्वरलिपी शिकायची, मुंबईत धोबीतलावच्या कूडमध्ये पथारी टाकायची, रात्री हॉटेलात जाझ आणि दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत काम, असा त्यांचा शिरस्ता. आल्दोनचे आंतोनियो वाझ, म्हणजेच ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट, १९५१ सालच्या ‘अलबेला’मध्ये पडद्यावरही दिसतात. त्या चित्रपटाचे संगीतकार सी. रामचंद्र, आपल्या पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर. सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस या मंडळींनी चालींना वाद्यवृंदाचा साज चढवला. त्या गाण्यांवर सारा देश डोलला. मात्र तबकडीच्या पट्टीवर नावे छापली ती गायकाची, संगीतकाराची आणि चित्रपटाची. मधल्या रांगेत बसून फुंकणाऱ्यांची नावे शोधून काढण्याचे काम अलीकडे काही अभ्यासकांनी हाती घेतले आहे. तोवर त्यातले पुष्कळ वादक निघून गेले.

आता ब्राउन यांच्या आयुष्याचा शेवटचा भाग, जो आम्हांला फार मोलाचा वाटतो. लॉस एंजेलिस शहरात, जिथे त्यांची उमेदवारी झाली, तिथे वादकांच्या संघटनेच्या दोन शाखा होत्या. गोऱ्यांची शाखा क्रमांक ४७, कृष्णवर्णीयांची क्रमांक ७६७. चांगल्या पगाराचे स्टुडिओतले काम बहुतेक पहिलीच्या वाट्याला जाई. संघटनेतच शिवाशिव, याहून लाजिरवाणे काय असेल? मार्ल यंग, बडी कोलेट यांसारख्या वादकांनी खटपट केली, गोऱ्यांतल्या समंजस सभासदांनी साथ दिली आणि १९५३ साली दोन्ही शाखा एक झाल्या. ब्राउन यांनी १९७० साली एलिंग्टन यांचा बँड सोडला आणि वादन थांबवले. पुढे त्याच एकत्रित ४७ क्रमांकाच्या शाखेत ध्वनिमुद्रणाच्या कामावर देखरेख करणारा प्रतिनिधी म्हणून ते काम करू लागले. त्यांचे राजकारण आमच्या राजकारणाशी जुळणारे नव्हते. त्यांनी निक्सन यांच्या निवडणूक समितीतही काम केले. ते असो. पंधरा डॉलरचा हिशेब ज्याच्या मनात राहिला होता, तो माणूस उतारवयात इतर वादकांच्या हक्काच्या मेजावर बसला, एवढे आम्हांला पुरे आहे. १९८८ साली ते वारले.

तात्पर्य, आम्ही आज आपल्याला दोनच गोष्टी सुचवतो. पहिली, कोणतेही समूहाचे संगीत ऐकताना एक वेळ पुढच्या रांगेवरून लक्ष काढून मधल्या रांगेकडे द्या. गाणे तेच राहील, पण ते किती जणांच्या श्वासावर उभे आहे हे कळेल. दुसरी, यंदाच्या उत्सवात मांजरीत जे बँडपथक येईल, त्याच्या वादकांची नावे कार्यक्रमपत्रिकेवर छापा आणि फळ्यावर लिहा. पथकाचे नाव तर असेलच, पण ट्रॉम्बोन कोण वाजवतो, ढोल कोण वाजवतो, तेही लिहा. दहा-पंधरा नावांना शाई किती लागते? आणि कुणाकडून दोन कामे करून घेतलीत, तर दोन कामांचे पैसे द्या.